घरभर एकच फरशी

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर गल्लीभर ऐकू जाईल असं मी त्याला झोडपलं असतं. पण केलं मीच, माझ्या हौसेनं, माझ्या भिशीच्या पैशानं. मग बोलायचं कुणाला?

लातूरला डाळमिलीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. तीन खोल्या एकामागं एक, आगगाडीच्या डब्यावानी. समोरची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर, अन् त्याच्या मागं मोरी आणि संडास. सासऱ्यांनी हे घर एकदम बांधलेलं नाही. हातात पैसा येईल तशी एकेक खोली चढवली, त्यामुळं तिन्ही खोल्यांच्या जमिनी तीन तऱ्हेच्या. समोर शहाबादी फरशी, खरबरीत, सांध्यासांध्यात माती धरणारी. मधे लाल कोबा, त्याला एक आडवी चीर गेलेली. स्वयंपाकघरात तांदूरची फरशी, घोटलेली, पायाला गार लागणारी. अन् दर खोलीच्या तोंडाशी दगडी उंबरा, एकाचा एकाला मेळ नाही. नवी नवरी म्हणून या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात मी दोनदा ठेचकाळले. करंगळीचं नख गेलं. तेव्हापासून त्या उंबऱ्यांशी माझं वैर होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. जन्म त्यांचा आडतीवर गेला. मूठभर तूर हातात घेतली की ओल किती आहे ते सांगायचे, अन् व्यापारी ते ऐकायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला अकरा वर्षं झाली. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. सासूबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. पहिले सहा महिने मामा भिंतीला हात लावून चालायचे, कपाळावर टेंगळं घ्यायचे, अन् कुणी धरायला गेलं की झिडकारायचे. मग एक दिवस भिंत सोडून चालायला लागले. काठी फक्त घराबाहेर. घरात काठी टेकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

पहाटे पाचला ते समोरच्या खोलीतल्या कॉटवरून उठायचे, अनवाणी चालत स्वयंपाकघरात जायचे अन् चहा ठेवायचे. स्वतःचा अन् माझा. माझा कप ओट्यावर ठेवून वर बशी झाकायचे. मी उठून गेले की तो कप तिथं असायचा, अन् मामा मागच्या दारात बसून त्यांचा चहा पीत असायचे. आंधळा सासरा सुनेला चहा करून देतो, हे गल्लीत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. माझ्या माहेरी नांदेडला तर आईनं मला थापा मारू नको म्हणून दटावलं होतं.

कप त्यांनी कधी माझ्या हातात दिला नाही, मीही घेतला नाही. आमच्या घरात सून सासऱ्याच्या हाताला हात लावत नाही. पाया पडायचं, ताट वाढायचं, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. पण हातात हात नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. पण कर असंही कुणी कधी म्हणलं नव्हतं.

सांगायचं काय, तर मामा आंधळे आहेत हे आम्ही पार विसरून गेलो होतो. घरात इतके सराईत फिरायचे की मी कितीदा त्यांना म्हणलंय, मामा, तेवढं घड्याळात किती वाजले बघता का. ते हसायचे. मी जीभ चावायची अन् दोन दिवसांनी परत तसंच काहीतरी बोलायची.

माझं दुखणं होतं ते स्वयंपाकघर. भर दुपारी बल्ब लावल्याशिवाय मीठ अन् साखर ओळखू येत नसे. समोर पाहुणे हसायलेत, बोलायलेत, अन् मी दोन भिंतींच्या मागं एकटी भाकरी थापायलेय. ऐकू यायचं ते अर्धं. कुणी विनोद केला तर तो मला पाहुणे गेल्यावर कळायचा, तोही मी विचारला तर. पोरं शिकायला बाहेर गेली तशी ती खोली मला जास्तच खायला उठली.

नांदेडला माझ्या धाकट्या बहिणीनं फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो. हॉल, जेवायची जागा अन् किचन सगळं एकच. मधे भिंत नाही, उंबरा नाही. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पांढरी फरशी, तोंड दिसेल अशी. बहीण कांदा चिरता चिरता टीव्ही बघत होती, पाहुण्यांशी बोलत होती अन् मधूनच मला चिडवत होती, ताई, तू अजून त्या बोगद्यातच सैपाक करतीस का? मी हसले, पण मला ते लागलं. परतीच्या एसटीत लोहा मागं पडलं तरी तेच डोक्यात घोळत होतं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा ह्यांना सांगून टाकलं की आपल्या मधल्या दोन्ही भिंती पाडायच्या.

ह्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. सकाळी नवाला जातात, रात्री आठाला येतात. ते म्हणले, भिंत पाडायला कितीसे लागतात, पण पाडल्यावर जे निघंल त्याला लागतात. मी म्हणलं, भिशी माझी लागलीय, अन् कामाला मी उभी राहते, तुम्ही नुसतं हो म्हणा. त्यांनी हो म्हणलं. माझ्यासमोर ते फार वेळ नाही म्हणत नाहीत.

मग राहिलं मामांना विचारायचं. विचारायचं म्हणून विचारलं, हे खरं. ते मधल्या खोलीत परात मांडीवर घेऊन तूर निवडत बसले होते. डाळ असो, तांदूळ असो, खडा त्यांच्या बोटातून सुटत नसे. मी सांगितलं की मधल्या भिंती काढतोय, उंबरे काढतोय, अन् घरभर एकसारखी फरशी टाकतोय. त्यांची बोटं थांबली. मग परत चालू झाली.

"चांगलं दिसंल का?" त्यांनी विचारलं.

"लई चांगलं दिसंल, मामा."

"मग टाका की माय."

आमच्याकडं थोर माणसं सुनेला, लेकीला माय म्हणतात. मला तो शब्द ऐकला की बरं वाटायचं, त्या दिवशीही वाटलं. मोठ्या माणसाला विचारायचं असतं, त्यांनी हो म्हणायचं असतं, झालं. ते का थांबले हे विचारायची आमच्याकडं पद्धत नाही. अन् सुनेची हौस मोडून आपली अडचण सांगणं हे मामांच्या पद्धतीत बसत नव्हतं. मी उठले अन् मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री लातूरचेच, पिढीजात गवंडी. त्यांच्या वडलांनीच आमच्या मधल्या खोलीचा कोबा घोटला होता. माप घ्यायला आले तेव्हा मामा मागून समोरच्या खोलीकडं चालले होते. मिस्त्रींनी टेप तसाच हातात धरला अन् बघत राहिले. मामांचा पाय तांदूरच्या फरशीवरून उंबऱ्यावर आला, तिथं किंचित टेकला, मग कोब्यावर. चीर लागली तिथं ते जरासे डावीकडं वळले, कॉटच्या दिशेनं. बघण्यासारखं काय होतं त्यात? मी रोज बघत होते. ते गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणले, "भाभी, बाबा कू पूछे क्या?" मी तोऱ्यात सांगितलं की विचारलंय, त्यांची परवानगी आहे. मिस्त्री मान हलवून मापं घ्यायला लागले. त्या माणसाला पाच मिनिटांत दिसलं ते मला अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

धूळ होणार, आवाज होणार, म्हणून मामांना अर्धापूरला नणंदेकडं पोचवलं. काम गुढीपाडव्यापर्यंत महिनाभर चाललं. पैसा मोजकाच होता, पण मी जे काही जमवलं ते आठवलं की अजूनही वाटतं, वा गं बाई. फरशी घेतली ती दुकानदाराच्या गोदामात पडून राहिलेला शेवटचा लॉट, काही फरश्यांचे कोपरे उडालेले, घराला जेमतेम पुरेल एवढीच. उडालेले कोपरे कॉटखाली अन् फ्रिजखाली जातील असं मिस्त्रींकडून बसवून घेतलं, त्यांच्या डोक्यावर उभी राहून. रंगाचा एकच मोठा डबा आणला, तिन्ही खोल्यांना एकच मोतिया रंग. भिंती आम्ही दोघांनी घासल्या, ह्यांनी दुकान बंद करून आल्यावर अन् मी दिवसभर. जुन्या सोफ्याची लाकडं घट्ट करून त्यावर नवा फोम टाकला. पडदे माझ्या लग्नातल्या दोन साड्यांचे शिवले. ओटा होता तिथून काढून बाजूच्या भिंतीपासून आडवा बांधला, म्हणजे सैपाक करताना तोंड समोरच्या दाराकडं राहील.

दुसरी भिंत पडली त्या दिवशी दुपारी चार वाजता ऊन समोरच्या खिडकीतून थेट माझ्या ओट्यापर्यंत आलं. मी विटांच्या ढिगाऱ्यावर बसून रडले. सुखानं रडले, खोटं कशाला सांगू. उंबरे निघाले तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, हे दगड ठेवायचे का. मी म्हणलं, नेऊन टाका कुठंतरी, माझ्या नजरेसमोर नकोत.

मामांना ह्यांनी अर्धापूरहून आणलं तेव्हा गल्लीतल्या दोघीतिघी घर बघायलाच आलेल्या होत्या. चार लोकांत माझं कौतुक चाललं होतं, मी हवेत होते. मामा दारातून आत आले, चप्पल काढली, दोन पावलं टाकली अन् थांबले. पाय पुढं सरकवला, परत मागं घेतला. आम्हाला वाटलं, बघायलेत. खरंच, मला तसंच वाटलं. शेजारीण म्हणली, बाबा, कसं झालं घर? मामा म्हणले, "गुळगुळीत झालंय." सगळ्या हसल्या. मग ह्यांनी त्यांना धरून कॉटवर नेऊन बसवलं, प्रवासानं थकले असतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती भांडं पडल्याच्या आवाजानं. जाऊन बघते तर मामा जुना ओटा होता त्या जागी उभे, हात पुढं पसरलेले, अन् पुढं काहीच नाही. वाटेत नव्यानं मांडलेल्या जेवायच्या टेबलावरचं पातेलं पाडलं होतं. मी म्हणलं, मामा, ओटा इकडं घेतलाय, या, मी चहा करते. ते म्हणले, हाव, इसरलोच. अन् वळले, कॉटकडं म्हणून चालायला लागले ते सोफ्यावर जाऊन आदळले.

चार दिवस त्यांनी प्रयत्न केला. मी पांघरुणातून ऐकत राहायची. पावलं यायची, थांबायची, परत यायची. पूर्वी त्यांना तीन फरश्या होत्या, तीन उंबरे होते, अन् दारादाराशी हाताला लागणाऱ्या भिंती होत्या. आता सगळीकडं तेच गार, तेच गुळगुळीत, हात पसरला तर हवा, अन् कडेच्या भिंतींना सोफा, फ्रिज लागलेले. माझ्या हौसेनं त्यांना मैदानात आणून सोडलं होतं. हे मला तेव्हा कळलं का? कळलं. चौथ्या दिवशी पुरतं कळलं.

मग माझी धावपळ सुरू झाली. बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. उंबरे होते तिथं मी पायपुसणी टाकली, म्हणजे पायाला खूण लागेल. दुसऱ्याच दिवशी मामा त्यावरून घसरले. नशिबानं हाड मोडलं नाही, पण कोपर सोलून निघालं, अन् तेव्हापासून त्यांचा पाय पहिल्यासारखा धीरानं पडेना. ह्यांनी नवी काठी आणली. मामांनी ती चार दिवस घरात टेकली; अकरा वर्षं जे केलं नव्हतं ते केलं. पण काठीही सगळीकडं एकसारखीच वाजायची. पाचव्या दिवशी त्यांनी ती कॉटखाली सरकवली.

सकाळी नऊच्या आत अन् रात्री आठनंतर त्यांना मागं न्यायला हे असायचे. दिवसभर घरात मी अन् मामा, दोघंच. मी त्यांचा हात धरायचा तर कसा? डोक्यात येऊन गेलं, पण हात पुढं झाला नाही. शेवटी एक युक्ती काढली. त्यांच्या खांद्यावरच्या पंचाचं एक टोक मी धरायचं, एक त्यांनी, अन् मी पुढं चालायचं, ते मागं. पहिल्या दिवशी मोरीपर्यंत गेलो अन् परत आलो. कॉटवर बसताना मामा म्हणले, "दावं धरून न्यायलीस माय." हसत म्हणले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी पंचा हातात घेतला तर म्हणले, राहू दे, मला काही लागत न्हाई आता.

अन् खरंच त्यांना दिवसभर काही लागेना.

आता हे नीट सांगते, कारण इथं मी अडाण्याहून अडाणी ठरले. लातूरच्या माणसाला पाण्याचं कौतुक काय असतं ते लातूरच्याच माणसाला कळेल. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. टँकरमागं धावलेले दिवस आम्ही कुणी विसरलेलो नाही. आमच्यात एखाद्या बाईची तारीफ करायची तर म्हणतात, दोन घागरीत घर चालवती. मामांच्या कॉटशेजारी मी सकाळी तांब्या भरून ठेवायची, तो संध्याकाळी भरलेलाच असायचा. मला वाटलं, म्हातारं माणूस पाणी जपायलंय. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा की आमच्या मामांना तांब्याभर पाणी दोन दिवस पुरतं. त्या तांब्यातलं उरलेलं पाणी मी तुळशीला घालायची, अन् त्याचाही मला अभिमान.

मधे एकदा मी मिस्त्रींना बोलावलं होतं. विचारलं, दोन उंबरे परत बसवता येतील का, अन् मधल्या जागेत एक पट्टा खरबरीत फरशीचा टाकता येईल का, कॉटपासून मोरीपर्यंत. ते म्हणले, होतं की, दोन दिवसांचं काम. पण मधल्या दोन ओळी फोडाव्या लागतील, अन् कडेच्या काही तडकतील. त्या जागी लावायला हा माल आता कुठं मिळायचा नाही. घरभर एक पट्टा वेगळा दिसंल. मी त्या फरशीकडं बघितलं. दुपार होती, ऊन पार ओट्यापर्यंत आलेलं होतं. मी म्हणलं, दिवाळी होऊ द्या, मग बघू.

पैसा नव्हता असं नाही. दोन दिवसांच्या मजुरीपुरता होता. मला फरशी फोडवेना, एवढंच खरं आहे. ह्यांना मी सांगितलं की मिस्त्रींना सवड नाही. आजवर हे कुणाला बोलले नाही.

दसऱ्याच्या आधी मामांना ताप आला. थंडी वाजून आला, मग ते काहीबाही बोलायला लागले, आडतीवरच्या माणसांना हाका मारायला लागले. दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून म्हणल्या, लघवीचा संसर्ग आहे, अंगातलं पाणी पार आटलंय, किडनीवर ताण आलाय. दिवसाला पाणी किती पितात? मी पटकन म्हणलं, त्यांना कमीच लागतं. अगदी त्याच सुरात, ज्यात शेजारणीला सांगितलं होतं. डॉक्टर बाईंनी माझ्याकडं बघितलं अन् कागदावर काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मामा शुद्धीवर होते. हे त्यांच्या उशाशी बसून चिडून बोलत होते, असं कसं चालंल, तहान लागली तर मागायचं न्हाई का, घरात पाण्याची काय चोरी आहे का. मी पडद्यापलीकडं डबा उघडत होते. मामांना वाटलं असावं, मी नाही तिथं.

"पाणी प्यालं की जावं लागतंय," ते म्हणले. "अन् दिवसा घरात सून एकलीच ऱ्हाती."

मी डबा तसाच झाकला अन् बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर क्लासला जाणारी पोरं पाठीवर पिशव्या घेऊन चालली होती. मला माझ्या तुळशीची आठवण झाली. नऊ ते आठ, अकरा तास. सहा महिने. तो माणूस रोज तहान मारून कॉटवर बसून होता, माझ्या नजरेसमोर, अन् मी समोरच्या ओट्यावर भाकरी थापत होते. भिंती पाडल्या होत्या त्या माणसं दिसावीत म्हणूनच ना?

त्याच दिवशी ह्यांना सगळं सांगितलं. मिस्त्रींना सवड होती हेही. ते म्हणले, दोघांचंही चुकलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, उद्याच्या उद्या या अन् फोडा. मिस्त्री म्हणले, भाभी, आता त्यांना घरी येऊ द्या, त्यांना विचारू, कुठून कुठवर पाहिजे ते तेच सांगतील. या खेपेला तो माणूस मामांना विचारल्याशिवाय हातोडी उचलायला तयार नव्हता, अन् बरोबरच होतं.

बाराव्या दिवशी सुट्टी मिळाली. हे औषधांच्या दुकानात थांबले होते, मागून येतो म्हणले. मी अन् मामा ऑटोनं निघालो. गल्लीत उतरलो. मामांचे पाय कापत होते. भिंत नाही, काठी नाही, पंचा पिशवीत तळाशी गेलेला. मी पदर डोक्यावर ओढून घेतला अन् त्यांचा हात धरला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. हात हलका होता, कातडी कागदासारखी, अन् मनगटात सुई टोचल्याची काळी-निळी खूण. मला वाटलं, झिडकारतील. नाही झिडकारला. उलट घट्ट धरला. मला वाटलं, माफ केलं मला.

दार उघडलं. दोघं आत आलो. मी सावकाश चालत होते, त्यांच्या पावलापरमानं. सोफा मागं पडला, जेवायचं टेबल आलं. ऊन आत आलेलं होतं. त्यांना आधी मोरीकडं न्यावं, मग कॉटवर, असा माझा विचार. खोलीच्या मध्यावर आलो तेव्हा ते थांबले. पायाचा तळवा फरशीवर घासला, एकदा पुढं, एकदा मागं. दवाखान्यातही खाली अशीच फरशी होती.

"माय," मामांनी विचारलं, "घर आणखी किती लांब हाय?"

मी म्हणलं, "आलो, मामा. हे घरच हाय."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखं दिसलं नाही. तसंच मागं फिरवून कॉटवर बसवलं, पाय वर घेतले, पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते प्याले. मी जायला उठले तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. मघाशी मी त्याला माफी समजले होते. सोडला तर आपण कुठं आहोत हे त्यांना कळणार नव्हतं, म्हणून धरला होता. हे औषधं घेऊन येईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.